डब्यातली पाती

नांदुऱ्याहून मलकापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर वडनेर भोलजी हे गाव लागते. या रस्त्याचा क्रमांक पूर्वी सहा होता, आता त्रेपन्न आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही तेथल्या एका जुन्या घरात दोन दिवस मुक्कामाला होतो. जुनी कागदपत्रे पाहावीत, काही मोडी रुमाल हाती लागतात का ते तपासावे, एवढाच हेतू होता. कागद फारसे मिळाले नाहीत. वाळवीने आमच्याआधी वाचन उरकले होते. मात्र माळ्यावरून उतरवलेल्या पत्र्याच्या पेटीत बिस्किटांचा एक मोठा डबा निघाला, आणि त्या डब्यात चाकू होते. मिटणारे, खिशात मावणारे, हाडाच्या, शिंगाच्या आणि कचकड्याच्या मुठींचे. त्यांच्या सोबतीला दोन अडकित्ते, एक वस्तरा आणि चामड्याच्या म्यानातली एक लहान कट्यार. चार पिढ्यांत घरातल्या कर्त्या माणसांच्या खिशांत आणि कमरेला जे जे फिरले, ते ते त्यांच्या पश्चात या डब्यात येऊन पडलेले. कोणी ठरवून जमवलेला हा संग्रह नव्हता. केवळ टाकवत नाही म्हणून राहिलेला होता. आपल्याकडचे बहुतेक संग्रह असेच जन्माला येतात.

त्या डब्याशी आम्ही जे वागलो ते शहाणपणाचे नव्हते. ती हकीकत पुढे येईलच. परंतु त्या चुकीमुळेच एक प्रश्न आमच्या मागे लागला. आपल्या समाजाने घरातली पाती कशी जपली, का जपली, आणि आज ती जपायची तर कशी? तलवारींचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. खिशातल्या चाकूला इतिहास असतो हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

आरंभ शब्दांपासून करू. ‘सुरी’ ही संस्कृत ‘क्षुरिके’ची लेक, न्हाव्याचा ‘क्षुर’ही त्याच कुळातला. ‘अडकित्ता’ कानडी मुलखातून आला. तिथे अडके म्हणजे सुपारी आणि कत्तरि म्हणजे कात्री. ‘चाकू’ हा फारसीतून आलेला पाहुणा, मूळचा तुर्की. म्हणजे मराठी घराच्या एका डब्यात संस्कृत, कानडी आणि फारसी शेजारी शेजारी पडून होत्या. आणि ज्या कामासाठी हा फारसी पाहुणा मराठी घरात शिरला ते कामही लक्षात घेण्यासारखे आहे. तो मारामारीसाठी आला नाही, लिहिण्यासाठी आला. बोरूचे कलम तासायला, त्याचे टोक तिरपे छाटायला, मधोमध बारीक चीर पाडायला धारदार लहान पाते लागते. या पात्याला फारसीत ‘कलमतराश’ म्हणतात. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाच्या कलमदानात दौत, बोरू आणि चाकू ही त्रयी अटळ होती. बोरूचे टोक झिजले की अक्षर जाड होते. जाड अक्षर म्हणजे ढिला कारकून. चाकूची धार ही अशा रीतीने दप्तराच्या अब्रूशी बांधलेली होती. इंग्रजांचा ‘पेननाइफ’ हाही याच कामाचा, फरक इतकाच की तो बोरूऐवजी हंसाचे पीस तासत असे.

‘कलम’ या शब्दाचा मराठीतला प्रवास पाहिला तर चाकूचा प्रवासही आपोआप उलगडतो. बोरूचे कलम चाकूने होते. आंब्या-संत्र्याचे कलमही चाकूनेच होते. आणि कायद्याचे कलम? त्याने एके दिवशी चाकूचीच चौकशी आरंभली. ती हकीकत अशी.

इ. स. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखाली दिला. पुढच्या वीस वर्षांत या मुलखाचे रूप पालटले. १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकन यादवीमुळे तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे भुसावळकडून मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला असे टप्पे घेत नागपूरला पोचली. कापसाचे गठ्ठे या वाटेने मुंबईस आणि तेथून लँकेशायरला जाऊ लागले. आगगाडी रिकामी परतत नसते. परतीच्या वाटेवर कापड आले, काड्यापेट्या आल्या, सुया आल्या, आणि शेफिल्डचे चाकूही आले. जोसेफ रॉजर्स अँड सन्स हे त्या गावातले नामांकित घराणे. तारा आणि माल्टी क्रूस ही त्याची खूण. ही खूण इतकी विकली जाई की नकला करणाऱ्यांचे स्वतंत्र धंदे उभे राहिले. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या मालावर शेफिल्डचे शिक्के मारले जातात अशी ओरड झाली. विलायतेत १८८७ साली मालावरील खुणांचा कायदा झाला आणि हिंदुस्थानात १८८९ साली त्याच धर्तीचा. चाकूच्या पात्याच्या बुडाशी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत कोरलेली अक्षरे ही जागतिक व्यापारातल्या भांडणाची साक्ष असते ती अशी. त्या अक्षरांवरूनच पुष्कळदा चाकूचे वय ठरते, म्हणून ती अक्षरे महत्त्वाची. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. आम्ही त्या दिवशी ठेवले नव्हते.

आता कायद्याच्या कलमाकडे येऊ. सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रज सरकारने प्रजेला निःशस्त्र करण्याचा सपाटा लावला. १८५७, १८६० आणि अखेरीस लिटनच्या कारकिर्दीतला १८७८ चा शस्त्रांचा कायदा, अशी ही चढती भाजणी. १८७८ च्या कायद्याने शस्त्रांची जी व्याख्या केली तीत बंदुका होत्या, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची फाळे, इतकेच काय धनुष्यबाणही होते. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्यात बदल मागणारा ठराव केला, यावरून त्याचा सल किती खोल होता ते समजावे. या व्याख्येत साध्या चाकूचे नाव मात्र नव्हते. घराघरांतून तलवारी गेल्या. काही सरकारजमा झाल्या, काही विहिरींत पडल्या, काहींचे विळे-कोयते झाले. मागे उरला तो चाकू. ज्या घराण्यात पणजोबांची तलवार नातवाला मिळायची, तिथे आता आजोबांचा चाकू मिळू लागला. वस्तू लहान झाली. परंतु ती पुढच्या हाती देण्यातली भावना तेवढ्या प्रमाणात लहान झाली असे आम्हांस वाटत नाही. वडनेरच्या डब्याकडे या दृष्टीने पाहिले की तो बिस्किटांचा डबा उरत नाही. ते एक छोटेसे शस्त्रागार होते, कायद्याच्या फटीतून वाचलेले.

या उलथापालथीत एक अख्खी जमात उपजीविकेला मुकली. शिकलगार हा शब्द अरबी ‘सैकल’वरून, म्हणजे जिल्हई देणे, चकाकी आणणे यावरून आला. तलवारी घासणे, त्यांना धार आणि झळाळी देणे हा यांचा पिढीजात हुन्नर. लष्करे गेली, शस्त्रे गेली, तेव्हा शिकलगार पायाने फिरवायचे सहाणेचे चाक घेऊन गावोगाव हिंडू लागले आणि कात्र्या, विळ्या, अडकित्ते यांना धार लावू लागले. ज्यांच्या आज्यांनी पोलादाची तऱ्हा नुसत्या डोळ्यांनी ओळखली, त्यांच्या नातवांना दाराबाहेर ओट्याखाली उभे राहून आरोळी द्यावी लागली. पात्यांच्या जपणुकीचे ज्ञान ज्यांच्यापाशी होते त्यांना आपण दारातल्या फिरस्त्याहून अधिक मान दिला नाही. घरातली शस्त्रे गंजली त्याचे एक कारण हवामान असेल. दुसरे कारण हे आहे.

तरीही जपणुकीची एक घरगुती रीत आपल्याकडे होती आणि ती पंचांगात बसवलेली होती. आश्विन शुद्ध नवमी, म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी घरातली सारी हत्यारे काढायची, घासून पुसून मांडायची, हळदकुंकू वाहायचे. सुताराने करवत-वाकस मांडावी, शेतकऱ्याने विळे-कुऱ्हाडी मांडाव्यात, शिंप्याने कात्री मांडावी, आणि काहीच नसेल तर गृहिणीने विळी आणि अडकित्ता मांडावा. दुसऱ्या दिवशी दसरा, पूर्वीच्या काळी सीमोल्लंघनाचा म्हणजे मोहिमेवर निघण्याचा दिवस. या रीतीतला व्यवहार फार चोख आहे. चार महिने पावसाळी हवेत पडलेले लोखंड तांबू लागते ते भाद्रपदापर्यंत. गंजाने अजून पात्यात दात रोवलेले नसतात, तो वरवर असतो. त्याच सुमारास पाऊस ओसरतो, हवा कोरडी होऊ लागते, आणि पुसलेले पाते पुसलेले राहते. आषाढात हत्यारांची पूजा सांगितली असती तर संध्याकाळपर्यंत त्यांवर पुन्हा दमट हवेची पुटे चढली असती. रीत लावणाऱ्यांनी आर्द्रतेचे माप घेतले नसेल, पण वर्षातला नेमका दिवस त्यांनी पकडला हे निश्चित. ज्या घरातून खंडेनवमी गेली त्या घरातल्या पात्यांची वार्षिक तपासणी गेली, असे म्हणायला हरकत नाही.

वऱ्हाडात या तपासणीचे महत्त्व अधिक आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तिथले भूजल खारे. अशा पाण्याने भांडे धुतले तर वाळल्यावर पांढरी पुटे दिसतात. लोखंड धुतले तर पुटे दिसत नाहीत, पण क्षार पात्याच्या रंध्रांत बसतात. मीठ हवेतले पाणी ओढून घेते, आणि एरवी कोरड्या हवेत जे पाते स्वस्थ राहिले असते ते क्षारांमुळे थोड्या दमटपणातही गंजत राहते. स्वच्छ पोलादाला हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की धोका सुरू होतो. क्षार बसलेल्या पात्याला त्याच्या बरीच खालची हवाही पुरते. हाताच्या घामातही मीठच असते. म्हणून कौतुकाने पाते चोळणारा अंगठा हा गंजाचा पहिला दूत होय. एखाद्या जुन्या पात्यावर बोटांचे ठसे तांबड्या रेषांनी उमटलेले असतात ते यामुळे.

आता आमची चूक. डबा सापडला त्या संध्याकाळी आमच्यापैकी एकाने उत्साहाने चाकू बोअरवेलच्या पाण्यात बुडवून घासले. दुसऱ्याने पॉलिशपेपर आणला. त्या लहान कट्यारीच्या टोकाशी काळपट करडे डाग होते, बारीक खड्डे पडलेले. ते आम्ही अर्धा तास खपून उतरवले. पाते चांदीसारखे लखलखू लागले. ते घेऊन आम्ही मोठ्या दिमाखाने घरातल्या आजींपुढे गेलो. त्यांनी कट्यार हातात घेतली, टोकावर बोट फिरवले आणि म्हणाल्या, “काहून घासलं बाप्पा तुमी? थे डाग लिंबाचे होते. तीन लगनातले.”

लग्नात नवरदेवाच्या हाती कट्यार किंवा अडकित्ता द्यायचा आणि त्याच्या टोकाला लिंबू खोचायचे, ही आपल्याकडची रीत पुष्कळांना ठाऊक असेल. दृष्ट लागू नये हा हेतू. हळद लागल्यापासून लग्न लागेपर्यंत लिंबू त्या टोकाला राहते. लिंबाचे आम्ल साध्या पोलादाला खाते आणि तिथे काळा डाग उमटतो. त्या घरातल्या तीन पिढ्यांच्या नवरदेवांनी ती एकच कट्यार धरली होती आणि त्या तीन लग्नांची एकमेव लेखी नोंद, लेखी म्हणता येत असेल तर, त्या टोकावर होती. ना छायाचित्र, ना पत्रिका. आम्ही इतिहास शोधायला गेलो होतो, आणि सापडलेला इतिहास पॉलिशपेपरने पुसून आलो. शेजारच्या एका चाकूच्या बुडाशी कोरलेली कारखानदाराची अक्षरेही त्याच उत्साहात अर्धी गेली. आजी आणखी काही बोलल्या नाहीत. त्यांनी रागावायला हवे होते, असे आम्हांला अजून वाटते.

त्यानंतर आम्ही जे वाचले, जाणत्यांना विचारले आणि स्वतः करून पाहिले, त्याचे सार येथे देतो. कोणाच्या माळ्यावर असा डबा असेल तर उपयोगी पडावे.

पहिली गोष्ट म्हणजे गंज आणि वयाची छटा यांत भेद करावा. जुन्या साध्या पोलादावर जो निळसर-करडा, काळपट थर चढतो तो पात्याचा शत्रू नव्हे. तो घट्ट बसलेला असतो आणि काही अंशी रक्षणही करतो. त्याला हात लावू नये. तांबडा, भुरभुरणारा, बोटाला लागणारा तो गंज. तो तेलाचा थेंब टाकून मऊ कापडाने, फार तर बांबूच्या कामटीने, हळूहळू उचलावा. पॉलिशपेपर, तारेचा ब्रश, सहाणेचे चाक यांना संग्रहात प्रवेश नसावा. संग्रहातल्या चाकूला नव्याने धार लावणे म्हणजे जुन्या पोथीच्या अक्षरांवरून नव्या शाईने गिरवणे होय. इंग्लंडात शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १९१३ साली न गंजणारे पोलाद घडवले. त्याआधीचे जवळजवळ प्रत्येक पाते साध्या पोलादाचे आहे हे गृहीत धरून चालावे.

दुसरी गोष्ट तेलाची. आपल्या घरात खोबरेल किंवा तिळाचे तेल लावण्याची सवय आहे. रोज वापरात असलेल्या विळीला ते चालते, कारण रोज ते पुसलेही जाते. वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या पात्यावर मात्र वनस्पतिजन्य तेल खवट होते, चिकट होते, धूळ धरते, आणि त्यातली आम्ले धातूला लागतात. त्याऐवजी शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल घ्यावे आणि तेही इतकेच की कापडाने पुसल्यावर नुसती झाक उरावी. मिटणाऱ्या चाकूच्या सांध्यात एक थेंब पुरे. जास्तीचे तेल मुठीच्या हाडात आणि लाकडात मुरून डाग पाडते. संग्रहालयांतून मेणाचा पातळ थर देण्याची पद्धत आहे. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात त्यासाठी एक खास मेण सिद्ध झाले आणि ते आता सर्वत्र वापरले जाते.

तिसरी गोष्ट म्यानाची, आणि ही पुष्कळांना पटत नाही. म्यान हे वाहून नेण्यासाठी असते, साठवण्यासाठी नव्हे. चामडे दमट हवा शोषते. ते कमावताना वापरलेली द्रव्ये आणि क्षार त्यात राहिलेले असतात, आणि पात्याला ते वर्षानुवर्षे चिकटून बसते. पितळी मुठीवर चामड्याजवळ हिरवे मेणचट बुरे धरते ते चामड्यातल्या चरबीमुळे. म्हणून पाते आणि म्यान शेजारी ठेवावीत, एकात एक नव्हे. आणि कोणाचे म्यान कोणते याची चिठ्ठी बांधावी. गुंडाळायला धुतलेले, बिनखळीचे सुती कापड उत्तम. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो, तो टाळावा. लोकरी कापडातून आणि नमद्यातून गंधकाचे अंश सुटतात आणि चांदीकाम काळवंडते.

चौथी गोष्ट कचकड्याची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची पन्नास-साठ वर्षे चाकूंच्या मुठींना सेल्युलॉइड फार वापरले गेले. दिसायला हस्तिदंतासारखे, कासवाच्या पाठीसारखे, रंगीबेरंगी. हा पदार्थ कापसावर नत्राम्लाची क्रिया करून होतो. (आमच्या वऱ्हाडच्या कापसाचे हेही एक दूरचे भावंड.) म्हातारपणी तो विघटन पावतो आणि नत्राम्लाच्या वाफा सोडतो. अशा मुठीचा एक चाकू बंद डब्यात ठेवला तर तो स्वतःचे पाते खातोच, शेजाऱ्यांचीही खातो. वडनेरच्या डब्यात हेच घडले होते. मधोमध पडलेल्या एका कचकडी चाकूची मूठ तडकून घामेजली होती, आणि त्याच्याभोवती टेकलेल्या पात्यांवर गंज अधिक गडद होता. दूरचे चाकू त्या मानाने ठीक होते. तेव्हा कचकड्याच्या मुठी ओळखून वेगळ्या, हवेशीर जागी ठेवाव्यात. त्या ज्वालाग्राही असतात हेही विसरू नये. देव्हाऱ्याच्या निरांजनाजवळ किंवा चुलीच्या फळीवर त्यांना जागा नाही.

पाचवी गोष्ट पेटीची. ओक वृक्षाच्या लाकडातून आम्लाच्या वाफा सुटतात आणि लोखंड गंजते, हे जहाजबांधणीवाल्यांना पूर्वीच ठाऊक होते. सागवान त्या मानाने लोखंडाशी सलोख्याने राहते, म्हणूनच जहाजांच्या लोखंडी चिलखतामागे सागाच्या फळ्या घालत. आपल्या आज्यांच्या सागवानी पेट्या त्यामुळे वाईट नाहीत. ताज्या प्लायवूडच्या, डिंकाचा वास मारणाऱ्या खणांपासून सावध असावे. पत्र्याची पेटी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नये. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात, आणि त्या ओल्या झाल्या की तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा वापराव्यात. पुडी टाकून वर्षभर विसरणे म्हणजे भिजलेला टॉवेल पेटीत ठेवणे. आणि एवढे सारे करूनही वर्षातून दोनदा पेटी उघडावी. एकदा मृगाच्या आधी, एकदा खंडेनवमीला.

ही झाली धातूची जपणूक. परंतु वस्तू टिकली आणि तिची गोष्ट गेली, तर काय टिकले? या बाबतीत वाघनखांचे उदाहरण बोलके आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा महाराष्ट्रभर उत्साह होता. ती १८१८ नंतर साताऱ्यास असलेल्या जेम्स ग्रँट डफकडून आली. त्यांच्यासोबत जी पेटी आहे तिच्यावर ही शिवाजीमहाराजांची असल्याचे लिहिलेले आहे. परंतु १६५९ च्या प्रतापगडच्या प्रसंगातली वाघनखे हीच, असे सिद्ध करता येत नाही, हे त्या संग्रहालयानेच नमूद केले आहे. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांचा दुवा सांगणारा कागद नाही. पोलाद शाबूत, साखळी तुटलेली. याउलट नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची म्हणून ओळखली जाणारी तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने सुमारे सत्तेचाळीस लाख रुपयांस घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईस आणली. तिचे पाते युरोपात घडलेले, पण पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत नाव आहे. ती नागपुरातून १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर बाहेर गेली असावी असा तर्क आहे. तर्क करायला जागा मिळाली ती त्या ओळीभर अक्षरांमुळे. कोणी पॉलिशपेपरवाला तिला भेटला नाही हे आपले भाग्य.

सामान्य घरातल्या चाकूवर सोन्याची अक्षरे नसतात. ती आपण कागदावर लिहायची असतात. एक वही घालावी. प्रत्येक पात्याला क्रमांक द्यावा. क्रमांक पात्यावर कोरायचा नाही, चिठ्ठीवर लिहून दोऱ्याने बांधायचा. लांबी, मुठीचा पदार्थ, शिक्के, कोणाचा होता, कोणी सांगितले, कोणत्या साली सांगितले. दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून पेटीपासून दूर ठेवावीत. चोरी झाली तर तक्रारीसोबत द्यायला तीच उपयोगी पडतात. घरात लहान मुले असतील तर पेटीला कुलूप असावे हे सांगायला नको. कायद्याचेही भान असावे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची, घरकाम-शेतीकामासाठी नसलेली हत्यारे शस्त्रांत मोडतात, आणि शासन अधिसूचना काढून त्यांवर निर्बंध घालू शकते. खिशातला चाकू त्या मापात बसत नाही, कट्यार बसू शकते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या पुरावशेष कायद्याने खासगी माणसाला मनाई आहे, हे परदेशी स्थायिक झालेल्या लेकीसुनांनीही ध्यानी घ्यावे.

घरातल्या संग्रहाचे पुढे काय होते, याचे महाराष्ट्रातले सर्वात मोठे उत्तर पुण्यात आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तू जमवायला सुरुवात केली: दिवे, कुलपे, दौती, वज्र्या, वाद्ये आणि अडकित्ते. त्या अडकित्त्यांचे घाट पाहताना सुपारी कातरणे ही किती जणांची कला होती ते कळते. ज्या काळात ‘जुने’ म्हणजे देवळे आणि तलवारी असे समीकरण होते, त्या काळात केळकरांनी स्वयंपाकघरातले पाते उचलून इतिहासात ठेवले. हे सारे त्यांच्या राहत्या घरात साठत गेले. त्यांच्या पत्नी कमलाबाईंचा त्यात बरोबरीचा वाटा होता. बालपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी त्या संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांच्या वर वस्तू. घरात जपलेल्या वस्तूला घराबाहेरचे आयुष्य मिळाले ते असे.

प्रत्येक डब्याला असे भाग्य लाभणार नाही आणि लाभण्याची गरजही नाही. सगळे डबे पुण्याला गेले तर वडनेरचे काय? ज्या घरात ती कट्यार तीन लग्नांत धरली गेली त्या घरात तिला जो अर्थ आहे तो काचेच्या कपाटात नाही. आम्हांस वाटते, घरची वस्तू घरीच जपता यावी. त्यासाठी हवे ते फार थोडे आहे. थोडे खनिज तेल, थोडे सुती कापड, एक वही, आणि पुसण्याआधी विचारण्याची सवय.

आम्ही त्या घरी पुढच्या वर्षी खंडेनवमीला मुद्दाम गेलो. खाऱ्या पाण्याने धुतलेल्या चाकूंवर बारीक तांबडे ठिपके आले होते. ते तेलाने टिपून काढले. कचकडी चाकू वेगळा ठेवला. आजींकडून एकेक पाते कोणाचे ते विचारून वहीत उतरवले. कट्यारीपुढे लिहिले: टोकाशी लिंबाचे डाग होते, तीन लग्नांतले, अमुक साली आमच्या हातून पुसले गेले. इतिहासलेखनात आपली चूक आपणच नोंदवण्याची वेळ फार थोड्यांवर येते. पण ती ओळ लिहिल्यावाचून वही पुरी होत नव्हती.

निघताना कळले की त्या घरी येत्या वैशाखात नातवाचे लग्न आहे. नवरदेवाच्या हाती ती कट्यार द्यायची की नाही, यावर घरात दोन मते होती. तिला आता जपायला हवे असे तरुणांचे म्हणणे. आजींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, द्या, लिंबासकट द्या.